क्लब खाली गेल्यावर सीझन तिकीट घ्यावं का? न्यूकॅसल, २००९-१०

मे महिना आला की इंग्लंडमधल्या मराठी ओळखीपाळखीतून एक प्रश्न मला हमखास येतो. आमचा क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे अव्वल श्रेणीतून, खाली गेला, मॅनेजर गेला, आता त्याच्या असिस्टंटलाच खुर्चीवर बसवायचं चाललंय, तर सीझन तिकीट, म्हणजे घरच्या मैदानावरच्या हंगामभराच्या लीग सामन्यांचं एकच तिकीट, पुन्हा घ्यावं की सोडून द्यावं? प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. परीक्षण आहे न्यूकॅसल युनायटेडच्या २००९-१० च्या सीझन तिकिटाचं. तिकीट जुनं आहे, पण ह्या प्रश्नाला इतकं नेमकं लागू पडणारं दुसरं माझ्या माहितीत नाही.

निकाल आधीच सांगते. घ्या. माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त खुर्चीवर बसणारा असिस्टंट कोणत्या घडणीचा आहे ते बघून घ्या, आणि बहुतेक सगळं लिखाण त्याबद्दलच आहे.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. बाबा तालमीच्या संघातून खेळायचे, त्यामुळे शाहू स्टेडियमवरची धूळ आणि आरडाओरडा लहानपणीच अंगात भिनलेला. नोकरीसाठी न्यूकॅसलला आले, एक्स-रे विभागात काम करते, आणि ह्या शहरात फुटबॉल नाकारून राहता येत नाही. शनिवारी क्लब हरला की सोमवारी पेशंटसुद्धा गप्प असतात.

आधी तिकिटाचं व्यवहाराचं बोलू. प्रीमियर लीगमध्ये घरच्या मैदानावर १९ सामने मिळतात. त्याखालच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, संघ २४, सामने ४६, म्हणजे घरचे २३. चार सामने जास्त. त्यातले बरेच मंगळवारी नाहीतर बुधवारी रात्री असतात, तेव्हा शिफ्टची नोकरी असलेल्यांनी वेळापत्रक हातात आल्याबरोबर सहकाऱ्यांशी अदलाबदल करून घ्यावी. माझी जागा मैदानाच्या एका टोकाच्या स्टँडमध्ये, लीझेस एंडच्या अगदी वरच्या मजल्यावर होती. जिने इतके, की वर पोहोचल्यावर दोन मिनिटं कोणी कोणाशी बोलत नाही. पण तिथून पूर्ण मैदान आरपार दिसतं. बचावफळी कधी पुढे सरकते, विंगर आत कधी घुसतो, सगळं कळतं. डावीकडचा ईस्ट स्टँड बाकीच्यांपेक्षा बुटका आहे, कारण त्याच्या मागे लीझेस टेरेसची एकोणिसाव्या शतकातली संरक्षित घरं आहेत आणि तो उंच करता येत नाही. त्यामुळे वाराही तिकडूनच येतो. जानेवारीत दोन मोज्यांशिवाय जाऊ नका. खायला मिळतो तो मांस भरलेला पाय (pie) आणि प्यायला बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पेय. मी घरून भडंग न्यायचे. शेजारच्या खुर्चीतले आजोबा पहिल्या सामन्याला संशयाने बघत होते, ख्रिसमसपर्यंत हात पुढे करायला लागले.

आणि शेजार हा ह्या तिकिटाचा मोठा भाग आहे. एकेका सामन्याचं तिकीट काढलंत तर दर वेळी नवी माणसं. सीझन तिकिटात तीच माणसं, त्याच खुर्च्या, तीच भांडणं. क्लब खाली गेल्यावर हौशे-नवशे गळतात आणि उरतात ती ज्यांना खरोखर वाटतं अशी. त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीचं फुटबॉल बघायला ह्या ५२ हजारांच्या मैदानावर दर सामन्याला सरासरी ४३ हजारांच्या वर माणसं आली.

आता २००९ च्या उन्हाळ्याबद्दल, कारण तिकीट विकत घेण्याचा निर्णय तेव्हा घ्यायचा होता आणि दुकानात दिसणारा माल अगदीच वाईट होता.

२४ मे २००९ ला ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर, व्हिला पार्कवर, क्लब १-० ने हरला, तोही डेमियन डफच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेलेल्या चेंडूने. वाचलेल्या हल क्लबचे ३५ गुण, आमचे ३४. एक बरोबरी पुरली असती. त्या एका हंगामात केव्हिन कीगन राजीनामा देऊन गेला, जो किनियर आला आणि हृदयाच्या दुखण्याने बाजूला झाला, शेवटच्या आठ सामन्यांसाठी क्लबचा लाडका माजी खेळाडू ॲलन शिअररला बोलावलं, आणि ह्या तिघांच्या मधल्या फटींमध्ये कोच ख्रिस ह्यूटन संघ सांभाळत राहिला. मालक माइक ॲशलीने क्लब विकायला काढला. ओवेन गेला, मार्टिन्स गेला, बासाँग गेला, बेये गेला, डफ गेला. हंगामाआधीच्या सरावसामन्यात लेटन ओरिएंटने आम्हाला ६-१ असं धुतलं. लेटन ओरिएंट तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता.

आणि मॅनेजर कोण? तर पुन्हा तात्पुरता ह्यूटन. क्लब विकायचा असल्यामुळे नवा माणूस नेमायची कोणाची तयारी नव्हती.

शेजारच्या आजोबांचा आक्षेप तेव्हा साधा होता आणि तो आजही लोक घेतात. जहाज बुडालं तेव्हा हा माणूस त्याच जहाजावर होता ना? मग त्याच्याच हातात सुकाणू का? ह्या म्हणण्यात तथ्य होतं. २००८-०९ मध्ये ह्यूटनच्या हाती संघ असताना निकाल वाईटच लागले होते, म्हणून तर शिअररला आणावं लागलं. मला स्वतःला शिअरर राहावा असं वाटत होतं. अख्ख्या शहरालाच वाटत होतं.

बाबांना फोन केला. त्यांच्या टीव्हीवर आता न्यूकॅसल दिसणार नव्हतं, त्यामुळे दर सामन्यानंतर मी तोंडी वर्णन करायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, "बाबा, कोचलाच मॅनेजर केलंय, तात्पुरता."

ते म्हणाले, "तालमीत वस्ताद गेला की थोरला पठ्ठ्या आखाडा धरतो, त्यात वावगं काय? पण बघ, तो एकाच वस्तादाच्या हाताखालचा आहे का दहा आखाडे बघितलेला आहे?"

ह्या एका वाक्यावर मी पुढे इतकी वर्षं असिस्टंट तपासत आले आहे. ह्यूटन दहा आखाडे बघितलेला होता. खेळाडू म्हणून लंडनच्या टॉटनम क्लबचा, १९८१ आणि १९८२ च्या एफए कप विजेत्या संघांतला, आयर्लंडकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तरुणपणी लिफ्टच्या दुरुस्तीचं काम शिकलेला. नंतर टॉटनममध्येच १९९३ पासून २००७ पर्यंत कोच. त्या काळात तिथे मॅनेजर किती बदलले, आणि हा प्रत्येकाच्या हाताखाली टिकला. ज्याला प्रत्येक नवा साहेब ठेवून घेतो त्याचं स्वतःचं काहीतरी काम असतं. तो कोणाची सावली नसतो.

मैदानावर काय दिसलं ते सांगते. घरचा पहिला सामना रीडिंगशी, ३-० आणि शोला अमिओबीची हॅटट्रिक. त्या दिवशी लोक आनंदाने नव्हे, आश्चर्याने ओरडत होते. नंतर जे दिसत गेलं ते त्या वरच्या मजल्यावरून फार छान कळायचं. संघ लांबत नव्हता. चार बचावपटू आणि चार मध्यरक्षक यांच्यातलं अंतर नव्वदाव्या मिनिटालाही तेवढंच. मागच्या वर्षी ज्याच्याकडे बघून लोक हताश होत होते तो कोलोचिनी शांतपणे चेंडू काढून द्यायला लागला. होझे एन्रिकेला डावी बाजू दिली ती दिलीच, दर आठवड्याला बदल नाही. स्टीव्ह हार्परने २१ सामन्यांत गोल होऊ दिला नाही. इतकी वर्षं दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर म्हणून बाकावर बसलेला माणूस. अँडी कॅरोल, शहरातलाच पोरगा, लीगमध्ये १७ गोल करून गेला. तेवढेच केव्हिन नोलनने केले.

ह्यूटन काठावर उभा राहून हातवारे करत नव्हता. पत्रकारांसमोर त्याचं बोलणं इतकं साधं असायचं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापायला काही सापडू नये. मागच्या वर्षभरात ह्या क्लबचं जे काय झालं होतं त्यानंतर हे केवढं मोठं औषध होतं, ते बाहेरच्याला कळणार नाही. त्याने ड्रेसिंग रूम खेळाडूंच्या ताब्यात दिली असं काहीजण हिणवून म्हणायचे. मला ते शहाणपण वाटतं. लेटन ओरिएंटच्या माऱ्यानंतर नोलन, हार्पर, ॲलन स्मिथ, बार्टन ह्या वडीलधाऱ्यांनी बाकीच्यांना समोर बसवलं होतं: राहायचं तर मनापासून राहा, जायचं तर जा. तिथे बाहेरून आलेला नवा मॅनेजर स्वतःची छाप पाडायला गेला असता तर जे नुकतं जुळत होतं ते मोडलं असतं. खेळाडूंमधला कोण खरा आणि कोण नुसता बोलणारा, हे ह्यूटनला आधीच्या हंगामातून माहीत होतं. नव्या माणसाला ते समजायला नोव्हेंबर उजाडतो, आणि नोव्हेंबरपर्यंत चॅम्पियनशिपमधली शर्यत हातातून निसटलेली असते.

२७ ऑक्टोबरला त्याला कायम केलं. कार्डिफला फेब्रुवारीत ५-१ ने हरवलं. बार्न्सलीला ६-१ ने. मार्चअखेरीस फॉरेस्टला २-० ने. ५ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, शेफील्ड युनायटेडशी सामना सुरू होण्याआधीच दुसरीकडचा निकाल आला आणि बढती पक्की झाली. तरी संघ मागे पडून जिंकला, नोलनच्या गोलने. आजोबांनी मला मिठी मारली आणि मग संकोचून टोपी नीट केली. प्लिमथच्या मैदानावर आमचं विजेतेपद पक्कं झालं, आणि इप्सविचविरुद्धच्या घरच्या शेवटच्या सामन्यात चषक उंचावलेला आम्ही पाहिला.

४६ सामने, ३० विजय, १२ बरोबरी, ४ पराभव, १०२ गुण. चारही पराभव बाहेरचे. म्हणजे माझ्या तिकिटावर जे २३ सामने छापलेले होते त्यातला एकही क्लब हरला नाही. इतकं चोख माप मला नंतरच्या कोणत्याही वर्षीच्या तिकिटाने दिलेलं नाही, २०१६-१७ च्या सुद्धा नाही, जेव्हा खाली गेल्यावरही मॅनेजर बेनितेझ स्वतः थांबला आणि ९४ गुणांनी क्लबला वर घेऊन आला.

आता दुसरी बाजू, कारण सगळे ह्यूटन नसतात.

माझी मावसबहीण बोर्नमथला राहते. २०२० साली तिच्या घरी हीच चर्चा. बोर्नमथही ३४ गुणांवर, ॲस्टन व्हिला ३५ वर; आमच्यासारखाच एका गुणाने गेलेला क्लब. त्यात करोनानंतर लीग सुरू झाली त्या पहिल्याच रात्री व्हिला पार्कवर शेफील्ड युनायटेडचा चेंडू गोलरेषेच्या आत गेलेला असताना यंत्राने दाखवला नाही, आणि व्हिलाला एक गुण मिळाला. बोर्नमथच्या लोकांना हे आजही बोचतं आणि बोचायलाच हवं. मॅनेजर एडी हाऊ गेला. ज्याने त्या क्लबला चौथ्या श्रेणीच्या तळातून प्रीमियर लीगमध्ये आणलं, तो माणूस. त्याच्या जागी आठवड्याभरात असिस्टंट जेसन टिंडल.

बहिणीच्या यजमानांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडे ह्यूटनने केलं तसं होईल ना?" मी त्यांना बाबांचाच प्रश्न विचारला. टिंडल किती आखाडे हिंडला? हाऊबरोबर बोर्नमथ, हाऊबरोबर बर्नली, हाऊबरोबर पुन्हा बोर्नमथ. कामात उत्तम, खेळाडूंचा लाडका, पण हाऊची विचारपद्धती हीच त्याचीही विचारपद्धती. अकरा-बारा वर्षं दोघांनी मिळून एक काम केलं आणि त्यातला एक निघून गेला. खेळाडूंना तोच आवाज पुन्हा ऐकायचा होता, फक्त त्यामागचं वजन कमी झालेलं. त्यात नेथन आके, कॅलम विल्सन आणि रॅम्सडेल विकलेले. टिंडल पुढे २०२१ मध्ये हाऊबरोबर आमच्याकडे आला, आणि मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला हरवून लीग कप आला तेव्हा बाकावर तो होता. इतका चांगला नंबर दोन मी पाहिलेला नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे.

आमच्याकडचाच जॉन कार्व्हरही घ्या. २०१५ च्या जानेवारीत आमचा मॅनेजर ॲलन पार्ड्यू क्रिस्टल पॅलेसला गेला, त्याचा असिस्टंट कार्व्हर बसला, आणि लागोपाठ आठ लीग सामने हरताना मी त्याच वरच्या मजल्यावरून पाहिले. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमला हरवलं म्हणून वाचलो. तो ह्याच शहरातला, क्लबवर जीव टाकणारा माणूस. पण नुसतं प्रेम त्या खुर्चीला पुरत नाही.

इतकं असूनही, असिस्टंटला बसवावं की नाही ह्या प्रश्नावर माझं मत "बसवावं" असंच आहे, आणि त्याचं कारण हे तीन आकडे आहेत. कोणीतरी ते शेजारी शेजारी मांडायला हवेत.

ह्यूटनला ६ डिसेंबर २०१० ला काढलं तेव्हा न्यूकॅसल प्रीमियर लीगमध्ये अकरावा होता. नुकतंच वर आलेल्या ह्या संघाने सहा आठवड्यांत संडरलंडला ५-१ आणि आर्सेनलला त्यांच्या घरी १-० ने हरवलेलं. त्याचा स्वतःचा असिस्टंट कॉलिन कॉल्डरवुड ऑक्टोबरमध्येच स्कॉटलंडच्या हिबर्नियन क्लबला गेलेला होता. क्लबने कारण दिलं की जास्त अनुभवी माणूस हवा. पार्ड्यू आला, हंगाम संपला तेव्हा क्लब बारावा.

वेस्ट ब्रॉमच्या डॅरन मूरला मार्च २०१९ मध्ये काढलं तेव्हा संघ चॅम्पियनशिपमध्ये चौथा होता. पहिल्या संघाचा कोच असताना, एप्रिल २०१८ मध्ये, बुडत्या संघाची सूत्रं त्याच्या हाती आली होती. त्याच महिन्यात त्याने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला हरवलं आणि आमच्या मैदानावर येऊन आम्हालाही १-० ने. मी होते तिथे, आणि त्याचा संघ मनापासून धावत होता हे कबूल करावंच लागलं. त्याला काढल्यावर हंगाम संपला तेव्हा वेस्ट ब्रॉम चौथाच. बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठी होणाऱ्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीत बाहेर.

टिंडलला फेब्रुवारी २०२१ मध्ये काढलं तेव्हा बोर्नमथ सहावा. वुडगेट आला, हंगाम संपला तेव्हा सहावाच. प्लेऑफच्या उपांत्य फेरीत बाहेर.

अकरावा आणि बारावा, चौथा आणि चौथा, सहावा आणि सहावा. तिघांना काढून तीन क्लबांनी काय मिळवलं? बाहेरून नाव कमावून आलेला मॅनेजर सलग चार सामने हरला तर लोक म्हणतात त्याला वेळ द्या, त्याचा बेत बसायला वेळ लागतो. असिस्टंट चार सामने हरला की म्हणतात, बघा, हा शेवटी नंबर दोनच. त्याला खुर्ची देतात ती स्वस्तात पडते म्हणून, आणि स्वस्तात घेतलेली वस्तू फेकायलाही कोणाला जड जात नाही. मला ह्याचा मनापासून राग येतो. ६ डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या विभागात एक म्हातारी बाई मनगटाचा एक्स-रे काढायला आली होती, हात दुखत असतानाही ती ह्यूटनबद्दलच बोलत होती. त्या माणसाने पुढे बर्मिंगहॅमला खाली गेल्यावर प्लेऑफपर्यंत नेलं आणि २०१७ मध्ये ब्रायटनला प्रीमियर लीगमध्ये आणलं. अनुभव कमी म्हणे.

तर तिकीट घेताना बघायचं ते हे. असिस्टंटने गेलेल्या मॅनेजरशिवाय कोणाकोणाबरोबर काम केलंय. त्याला कायम केलंय की "पुढच्या सूचनेपर्यंत", आणि करार किती वर्षांचा. जुलैपर्यंत कोण कोण विकलं गेलं. मधला कणा, म्हणजे गोलकीपर, एक बचावपटू, एक मध्यरक्षक, राहिला असेल तर चालेल, पुढचा स्टार गेला तरी चालेल. खेळाडूंमध्ये वयाने मोठे आणि शब्दाला वजन असलेले दोघे-तिघे तरी आहेत का. आणि त्याच्या हाताखाली त्याचा स्वतःचा असिस्टंट कोण, कारण नंबर दोनला वर घेतलं की नंबर दोनची जागा रिकामी होते आणि ती भरायला क्लब विसरतात.

पोरांना घेऊन जाणार असाल तर चॅम्पियनशिपचं वर्ष सगळ्यात चांगलं. गर्दी थोडी कमी, जागा एकमेकांशेजारी मिळतात, आणि पोरांना जिंकणारा संघ बघायला मिळतो. ज्यांना फक्त मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल येणार म्हणून तिकीट हवं असतं त्यांनी मात्र ते वर्ष सोडावं, कारण आमच्या वर्षी समोर स्कनथॉर्प आणि डॉनकास्टर होते, तसेच छोटे क्लब असतील.

बाकी शंका असेल तर बिनधास्त फोन करा. असिस्टंटचं नाव आणि त्याने आधी कुठे कुठे काम केलं ते तेवढं शोधून ठेवा, मग बोलू.